रिकाम्या गावातला आकडा

ती घटना आठवली की आजही मला चोरी नंतर आठवते, आधी आठवते ती शांतता. नोकरीत मी खून पाहिले, खाडीतून काढलेली प्रेतं पाहिली, पण ज्याला खरी भीती म्हणतात ती मला एका साध्या चोरीच्या गुन्ह्यात, भर दुपारी वाटली. हे कबूल करायला निवृत्त व्हावं लागलं, इतकंच.

मी घाटावरचा माणूस. निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना मालवणच्या किनारपट्टीवरच्या एका ठाण्याचा प्रभारी म्हणून आलो. ज्या गावात हे घडलं त्याचं नाव सांगत नाही. आचऱ्याच्या बाजूला, खाडीकाठी आहे एवढं पुरे. त्या भागातल्या काही गावांत गावपळणीची प्रथा आहे. काही वर्षांनी देवाचा कौल मिळाला की ठरल्या दिवशी अख्खं गाव वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळं. खाडीपलीकडच्या माळावर चुडतांच्या, म्हणजे माडाच्या झावळ्यांच्या, झोपड्या उभ्या राहतात आणि तीन दिवस, तीन रात्री संसार तिथंच चालतो. घराला कुलूप घालायचं नाही, नुसती कडी. त्या तीन दिवसांत गाव देवाचं असतं.

बंदोबस्ताच्या यादीत ही नोंद पाहून मी हसलो होतो. रिकाम्या गावाला कसला बंदोबस्त? माझ्याबरोबरचे एक हवालदार त्याच तालुक्यातले, दांडगे आणि मितभाषी. ते एवढंच म्हणाले, "सायब, एकदा आत जावन येवा. मगे हसा."

पहिल्या दिवशी दुपारी गावातून जाणाऱ्या डांबरी रस्त्यानं आम्ही जीप नेली आणि मध्यावर इंजिन बंद केलं. मला वाटलं होतं, शांतता म्हणजे आवाज नसणं. तसं नव्हतं. कान काहीतरी शोधत होते आणि त्यांना काही सापडत नव्हतं. कोंबडी नाही, भांड्याचा आवाज नाही. माणसं नाहीत म्हटल्यावर कावळेसुद्धा माळावर गेलेले. एका अंगणातल्या दोरीवर विसरलेला एक पंचा होता, तो हलत होता आणि वारा मात्र मला जाणवत नव्हता. मी पुन्हा हसलो नाही. जीप सुरू केली आणि बाहेर आलो.

चौथ्या दिवशी गाव परत भरलं. आठवडाभर काही तक्रार नाही. मग एके सकाळी पलीकडच्या वाडीतला एक मासेमार ठाण्यात येऊन बाकावर बसला. तक्रार द्यायची नव्हती. ताप उतरत नव्हता आणि बायकोनं सांगितलं होतं की पाहिलंय ते कोणाला तरी सांगून टाक.

"गावपळणीच्या दुसऱ्या दिवसा दुपारी होडी घेवन खाडीत होतंय," तो म्हणाला. "गावात कोण नाय, आणि पाणंदीतसून एक जण चलत गेलो. पांढरे कपडे. पाय उघडे, व्हाणा हातात. माका वाटला देवचारच. होडी फिरवलंय आणि घराक इलंय."

देवचार म्हणजे गावाचा राखणदार, या भागातला प्रत्येक माणूस त्याला मानतो. मासेमार गेल्यावर हवालदारांनी दार लोटलं. मग म्हणाले, "देवचाराच्या पायात व्हाणा आसतत, सायब. ह्येच्या हातात खंयसून इल्यो?"

त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती तेव्हा बाहेर आली. गावातल्या एका विधवा बाईचं सोनं गावपळणीत गेलं अशी कुजबुज होती. गावाला ती दाबायची होती, कारण त्या तीन दिवसांत चोरी झाली असं गावाच्या इतिहासात कोणी ऐकलं नव्हतं. चोरी झाली म्हणजे राखणदार गाव सोडून गेला, असा अर्थ लागत होता. लोक घाबरले होते ते चोराला नव्हे.

आम्ही दुपारीच त्या घरी गेलो. घरात दोघंच राहत. एक या विधवा वहिनी, साठी ओलांडलेल्या, मूलबाळ नसलेल्या. दुसरे त्यांचे धाकटे दीर. तालुक्याच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, गावात त्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंची बायको लवकर गेली, त्यांच्या एकुलत्या मुलीला वहिनींनीच वाढवलं. ती मुलगी आता इंग्लंडमध्ये नर्स होती.

वहिनी आधी बोलेनात. "गेला ता गेला. गावाचा नाव जायत," एवढंच. पण दखलपात्र गुन्हा कळल्यावर मला गप्प बसता येत नाही, हे समजावून सांगितल्यावर त्यांनी फिर्याद दिली. चार पाटल्या, एक मोहनमाळ, दोन गोठ. सगळं एका डब्यात घालून तांदळाच्या पिंपात पुरलेलं. डबा जागच्या जागी, रिकामा. वरचे तांदूळ हातानं सारखे केलेले. बाहेरचा चोर तांदूळ सारखे करत बसत नाही. पंचनामा लिहितानाच मला वाटलं, हा घरचाच हात.

त्यानंतर भाऊंच्या खोलीत गेलो आणि दारातच थांबलो. भाऊ त्या वेळी बाजारात गेले होते. खिडकीशेजारच्या पांढऱ्या भिंतीवर जमिनीपासून हात पोचेल तिथपर्यंत कोळशानं आकडे लिहिले होते. चार ओळी, उभ्या. तारीख नाही, अक्षर नाही, नुसते आकडे. एकशे चारपासून सुरुवात, पुढे अपूर्णांक. मधे कधी थोडा खाली आलेला, पण पुन्हा चढलेला. शेवटी एकशे सोळा. दोघा पंचांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एक जण उंबऱ्याबाहेर गेला. करणीचा प्रकार असावा, असं तो नंतर म्हणाला.

"ता माका इचारू नका," वहिनी म्हणाल्या. "रोज सकाळी अकराक लिवता आणि बघीत बसता. जेवणाक हाक मारलंय तरी उठणा नाय. पयलो आकडो जमनीकडे होतो. आता माझ्या डोक्यावरसून गेलो."

मी ते आकडे डायरीत उतरवून घेतले. लिहिताना मी दोनदा मागे वळून पाहिलं, त्याचं कारण सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या कामासाठी बँकेत गेलो. काउंटरमागच्या फळ्यावर परदेशी चलनांचे दर लिहिले होते. पाऊंडापुढचा आकडा पाहिला आणि डायरी उघडली. भिंतीवर करणी नव्हती, पाऊंडाचा भाव होता.

रीतसर पत्र देऊन मी बँकेकडून रोजच्या दरांची यादी मागवली आणि हवालदारांना घेऊन बसलो. आम्ही भिंतीवरचे आकडे पहिल्यापासून एकेक करून यादीतल्या दरांशी जुळवत गेलो. रविवार, सुट्ट्या वगळता तोवर एकही दिवस चुकलेला नव्हता. गावपळणीपाशी आलो. पहिल्या दिवसाचा दर भिंतीवर नव्हता. तिसऱ्या दिवसाचाही नव्हता. दुसऱ्या दिवसाचा होता.

गावात चिटपाखरू नसताना कोणीतरी त्या खोलीत उभं राहून आकडा लिहिला होता. हवालदारांनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. मी मात्र सुटकेचा श्वास सोडला, कारण एवढं काटेकोर लिहिणारा माणूस एकच होता. बँकेच्या सोनेतारण कर्जाच्या रजिस्टरमध्ये त्याच, दुसऱ्या दिवसाच्या दुपारची भाऊंची सही सापडली.

भाऊंना जबाबासाठी बोलावलं. इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरा लेंगा, हातात छत्री. कचेरीत आयुष्य गेलेला माणूस, आमच्याशी शुद्ध मराठीत बोलत होता. चोरीविषयी काय उत्तरं द्यायची ते त्यांनी घोकून आणलं होतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. माणूस मोठ्या प्रश्नाची तयारी करून येतो, बारीकसारीक प्रश्नाची करत नाही. मी चहा मागवला आणि विचारलं, "भाऊ, वेशीवर चपला का काढल्या?"

ते पटकन म्हणाले, "देवाचं गाव ते. पायताण घालून कसं जायचं?"

आणि मग त्यांना कळलं. कपबशी खाली ठेवताना चहा सांडला. मी माझा चहा पीत राहिलो. अशा वेळी बोललं की माणूस पुन्हा दार लावून घेतो.

मुलीनं तिकडे एक लहानसा फ्लॅट ठरवला होता. भाड्याच्या खोल्या बदलून ती थकली होती. किंमत पाऊंडात ठरली, कर्ज तिथल्या बँकेनं दिलं, आणि वरचे तीस हजार पाऊंड बाबांनी द्यायचे. भाऊंनी वाटणीची आंब्याची बाग विकली. त्या दिवशी पाऊंड एकशे चारला होता, पैसे काठोकाठ पुरत होते. बाहेर पैसे पाठवताना आधी कापून घेतात त्या कराची तजवीजही त्यांनी वेगळी केली होती. कारकून माणूस, चुकला कुठंच नव्हता. पण तिकडची कागदपत्रं लांबली आणि पैसे रुपयांत पडून राहिले. फ्लॅटची किंमत पेनीभरही हलली नाही, पण पाऊंड एका रुपयानं वर गेला की भाऊंच्या अंगावर तीस हजार रुपये पडत.

"रोज वाटायचं, उद्या उतरेल," ते म्हणाले. "एकदा चार दिवस उतरला. तेव्हाच पाठवायला हवे होते. मी आणखी उतरायची वाट बघितली."

मुलीला ते दर आठवड्याला फोनवर सांगत होते, पैसे तयार आहेत, काळजी करू नकोस. त्या भरवशावर तिनं करार केला आणि साठवलेले सगळे पैसे इसाऱ्यात भरले. ठरल्या तारखेला बाकी रक्कम पोचली नाही तर घर जाणार होतं, आणि इसाराही. ती तारीख पडली गावपळणीच्या लगेच नंतर. आणि साडेतीन लाखांच्या वर कमी पडत होते.

"वहिनींना मागायचं," मी म्हणालो.

इथं त्यांची कचेरीतली मराठी संपली. "तिचा सगळा आयुष्य आमका वाढण्यात गेला, सायबानू. आणि आता अंगावरचा मागू? खंयच्या तोंडान मागू?"

गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी बँकेत काम आहे असं सांगून ते माळावरून निघाले. वेशीवर चपला काढल्या. घरात गेल्यावर आधी, सवयीनं, फोनवर कळलेला त्या दिवसाचा भाव भिंतीवर लिहिला. मग पिंपात हात घातला. डबा उघडत असतानाच त्यांना स्वयंपाकघरातून आवाज आला. आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, नारळ खवण्याचा. रोज सकाळी येतो तसा, तीन लांब ओढी आणि एक आखूड. वहिनींचीच लय.

"बघितलंत?"

"बघलंय. थंय कोण नव्हता. आडाळोसुद्धा नव्हतो, वैनी तो झोपडीत घेवन गेलेली. तरी आवाज येतच होतो. मी तांदूळ सारखे केलंय आणि पळालंय."

जबाबात मी हे लिहिलं नाही. पण पडताळलं. माळावरच्या तीन बायकांना वेगवेगळं विचारलं. तिघींनी सांगितलं, त्या वेळी वहिनी झोपडीपुढे नारळ खवत बसल्या होत्या, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मधे खाडीचं पात्र आणि पुढे अर्धा मैल माड. हवालदारांचं म्हणणं, गावात दुसरा कसलाच आवाज नसताना पाण्यावरून तो पोचला असेल. असेलही. खात्री करायची तर गाव पुन्हा रिकामं व्हायला हवं, आणि ते माझ्या हातात नाही.

अटकेपूर्वी मी वहिनींना ठाण्यात बोलावलं आणि सगळं सांगितलं. बागेचं, पाऊंडाच्या भावाचं, चपलांचं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. चेडवाचे, म्हणजे मुलीचे, पैसे पोचले का, एवढंच मधे विचारलं. पोचले होते, तारखेच्या एक दिवस आधी. शेवटी मी नारळाच्या आवाजाचं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, ते माझं काम नव्हतं.

त्यांनी मान वर केली. मला वाटलं घाबरतील. त्यांना रडू आलं.

"आयकल्यान तेना?" त्या म्हणाल्या. "मगे थंयसूनच हाक मारूक व्हयी होती. मी दिलंय आसतंय."

मग डोळे पुसून त्यांनी पुरवणी जबाब दिला. सोनं आपणच दिराला वापरायला सांगितलं होतं, वयामुळे विसरायला झालं, गैरसमजातून फिर्याद दिली. बाई शुद्धीत होत्या, दबाव कोणाचा नव्हता, आणि मालक दिलं म्हणत असेल तर ती चोरी होत नाही. खोटं बोलत आहेत हे मला माहीत होतं. मी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, अंगठ्याऐवजी त्यांनी सुरेख अक्षरात सही केली. गुन्हा खराही नाही, खोटाही नाही, गैरसमजातला, अशा 'क' समरीसाठी अहवाल कोर्टात गेला आणि मंजूर झाला. गावाला राखणदार परत मिळाला. भाऊंनी पेन्शनीतून हप्ते फेडत पुढं सगळे दागिने सोडवून आणले.

ज्या घराची किंमत दुसऱ्या देशाच्या पैशात ठरते, ती किंमत आपण झोपलेलो असतानाही चालत असते. गावानं तीन दिवस चूल विझवली, गुरं हलवली, काळ थांबवला, आणि तो आकडा मात्र थांबला नाही. मला त्या खोलीत भीती वाटली ती त्याचीच असावी. पण तपासातून मी शिकलो ते वेगळंच. चोरी लोभानं होते असं आम्हाला शिकवलेलं असतं. माझ्या अनुभवात पुष्कळशा घरातल्या चोऱ्या मागायची लाज वाटते म्हणून होतात, आणि ज्याच्याकडे मागायचं तो माणूस अनेकदा हाकेच्या अंतरावर, द्यायला तयार बसलेला असतो.

निवृत्तीनंतर मी घाटावर परत न जाता कुडाळला राहिलो. सकाळी स्वयंपाकघरातून बायकोच्या नारळ खवण्याचा आवाज आला की मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवतो, आत जातो, आणि जे मागायचं असेल ते मागून टाकतो. मागण्यासारखं काही नसलं तरी ती तिथं आहे ना, ते एकदा बघून येतो.