टाकी हलती ठेव

एल्वा प्रिडॉला कोराकी गावात सगळे 'नखवाली' म्हणायचे. बाईने जन्मभर टी ट्री नावाच्या रानझाडाचा पाला उकळून तेल काढलं आणि गावाने ते पायाच्या नखांच्या बुरशीला चोपडलं. हेच तेल द्राक्षावरची भुरी, तीही बुरशीच, मारतं असं ती म्हणाली, की क्लबात हशा. "वेलींनाही नखं असतात का गं, एल्वे?"

हसण्यात शेजारचा द्राक्षबागवाला क्लॅरी सगळ्यांच्या पुढे. पण यंदा तोडणी तोंडावर आली आणि त्याच्या पानांवर पांढरी भुरी चढली. आता गंधक मारावं, तर वाइनला वास लागणार. आला कुंपणाशी, टोपी कुरवाळत. "तुझं ते... म्हणजे... बघू या म्हटलं." क्लॅरीच्या दोन शब्दांमध्ये एक माशी बसते, पाय चोळते आणि उडून जाते.

एल्वाने ऊन कलू दिलं. साबणाच्या पाण्यात तेल फेटून क्लॅरीच्या ट्रॅक्टरमागची फवारणीची टाकी भरली.

"नीट ऐक. तुझ्या टाकीतली ढवळणी मोडलीय. ट्रॅक्टरचे हादरे हीच ढवळणी. थांबलास की तेल वर येणार, मग पंप कधी निव्वळ पाणी ओढणार, कधी पानांवर निव्वळ तेल. करपून जातील."

"कुक्कुलं बाळ आहे का मी?"

अर्धी बाग झाली, तेवढ्यात टपालवाला डडली कुंपणाशी आला. क्लॅरीने ट्रॅक्टर बंदच केला. ओढ्याला पाणी किती, गुरांना गोचीड किती...

"अरे, चालू कर!" एल्वा बांधावरून ओरडली.

क्लॅरीने हसून हात हलवला.

दुखरे गुडघे घेऊन ती धावत सुटली. पोचेपर्यंत डडली गेला होता आणि फवारा पुन्हा उडत होता. ती हात पसरून ट्रॅक्टरपुढे उभी राहिली.

तिने टाकीचं झाकण उघडलं. वर पिवळसर थर, बोटभर.

"ढवळून घेऊ की," क्लॅरी पुटपुटला.

"त्यात किती तेल उरलं, सांगता येतं तुला? मला नाही येत." तिने खालची तोटी सोडली.

"अगं, तुझं तेल!"

"पानं तुझी आहेत."

वासाने कुत्रं शिंकत पळालं. सगळी टाकी मातीत गेली. मग क्लॅरी अगदी हळू म्हणाला, "उरलेल्या ओळी? आज दव पडलं तर भुरी घडांवर उतरेल."

"विकलेलं एक पिंप आहे. गिऱ्हाइकाला सांगेन, थांब म्हणून." तिने हात पुढे केला. "चावी."

दुसरी टाकी एल्वाने स्वतः चालवली. क्लॅरी मागून चालत राहिला, एकेक पान उलटून बघत.

सकाळी भुरी फिकी पडली होती. करपल्या त्या दोनच वेली, तिने ट्रॅक्टर अडवला तिथल्या. क्लबातल्यांना क्लॅरी आता त्या मुद्दाम नेऊन दाखवतो. "तेलाने नाही रे... हे... माझ्या तोंडाने."