ओट्यावरचा तांब्या

माझी आई सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला गेली होती, नेमकी त्याच सकाळी ती भूममधल्या आमच्या घरी वारली. या घोटाळ्याला जबाबदार एकटा मी!

आई भूमला एकटी राहते. “इथं तुला बघायला कोण आहे? पुण्याला चल,” हे माझं नेहमीचं पालुपद. या खेपेला तर तिला घेऊनच जायचं ठरवून मी रात्री उशिराच्या एसटीनं येऊन उतरलो. (बायकोला तसा शब्द दिला होता. आईला विचारायचं राहिलं होतं.) मी आल्याचं गल्लीत कुणाला कळलंही नाही.

आई अंधारातच पहिल्या गाडीला निघाली. दार लावायला उठलो, तर ओट्यावर पितळी तांब्या! उघड्यावर! चोरीला जाईल म्हणून मी तो आत आणला, उशाशी ठेवला आणि आईचीच गोधडी डोक्यावरून ओढून आडवा झालो. पुण्यातल्या गाड्यांच्या आवाजापायी कानात कापूस घालून झोपायची मला सवय आहे.

त्या तांब्याची भानगड मला ठाऊक असती तर! गल्लीतल्या ज्येष्ठ मंडळाचा नियम असा, की एकट्या राहणाऱ्यानं सकाळी उठलं की ओट्यावर तांब्या ठेवायचा. तांब्या दिसला, म्हणजे माणूस ठणठणीत. नाही दिसला, तर मंडळाचे अध्यक्ष नाना शिट्टी फुंकणार. (नाना एसटीतले निवृत्त कंडक्टर. नोकरी सुटली, शिट्टी सुटली नाही.)

नानांनी फुंकली. गल्ली गोळा झाली. आईला फोन लावला, तो घरातच वाजला. बाईसाहेब तो चार्जिंगला विसरून गेल्या होत्या! खिडकीतून पाहिलं, तर डोक्यापर्यंत गोधडी आणि हालचाल शून्य.

“शारदाबाई! अवो शारदाबाई!”

शारदाबाईंच्या कानात कापूस होता. (नाकात नव्हता, एवढाच काय तो फरक!)

मी जागा झालो तो दाराचा कोयंडा उखडल्याच्या दणक्यानं. कापूस काढतोय तोवर भोवती रडारड सुरू.

“लई गुणाची बाई होती वो!” या शेजारच्या मैनाकाकू. “काल माझ्यासंग शेंगा फोडत बसली हुती!”

“लेकाला कळवा की,” कुणीतरी म्हणालं.

“कळवून काय उपेग? जित्तेपणी फिरकला न्हाय, आता फोटोला हार घालाय यील!” मैनाकाकूंच्या हुंदक्यातही दम होता. “दिवाळीला आईला साडी आणली, ती म्या पोतेरं म्हणून घेणार न्हाय!”

एवढं ऐकल्यावर गोधडीतून तोंड बाहेर काढायची माझी हिंमत होईना. श्वास रोखून पडून राहिलो. म्हणजे गल्लीची उरलीसुरली शंकाही मीच मिटवली! शेवटचं तोंड बघावं म्हणून मैनाकाकूंनी गोधडी अलगद वर केली.

“अगं बया बया! हिला मिशा!”

मी उठून बसलो. दोन आज्ज्या दारातून थेट रस्त्यावर! नाना तेवढे जागचे हलले नाहीत.

“तू? मग आई कुठंय?” त्यांनी विचारलं.

“सोनारीला.”

“आन् तांब्या?”

मी उशाकडं बोट दाखवलं. नाना मटकन खाली बसले आणि उपरण्यानं डोळे पुसू लागले. घाम होता म्हणे.

तेवढ्यात आई रिक्षातून उतरली. दारातली गर्दी पाहून तिच्या हातातून प्रसादाची पिशवीच गळून पडली.

“बाळू! माझ्या बाळूला काय झालं?”

“काय न्हाय, वैनी!” नाना आतून ओरडले. “जित्ता हाय. अक्कल तेवढी गेलीय, ती लई दिसाखाली!”

रडायला जमलेल्या सगळ्यांना मी चहा केला. नानांनी कोयंडा पुन्हा ठोकून बसवला. प्रसाद वाटता वाटता आईनं सहज विचारलं, “व्हय रे, तिकडं पुण्यात माझ्या तोंडावरचं पांघरूण काढाय कोण यील?”

पुण्यात माझ्या शेजाऱ्याचं आडनाव मला त्याच्या दारावरच्या पाटीमुळं माहीत आहे. मी एकटाच परत आलो. (आधी आईला बरीशी साडी घेऊन दिली. मैनाकाकूंनी पसंत केलेली!)

मंडळानं मात्र मला सोडलं नाही. वयात बसत नसतानाही, ‘याच्याकडं लक्ष ठेवायला पायजे’ म्हणून एकमतानं सभासद करून घेतलं. आता रोज सकाळी मी गॅलरीत तांब्या ठेवतो आणि त्याचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकतो. परवा विसरलो. लगेच फोन, आणि कानात आधी शिट्टी!

“हायेस का?”

“आहे, नाना! ठणठणीत आहे!”

“तोंडी चालत न्हाय. तांब्या दाव!”