लहान माशांसाठी चार फूट

"मासेच तं हायेत," असं नवरा ज्या दिवशी म्हणाला, त्या दिवसापासून त्याच्या ताटात वरणाची वाटी ठेवताना ती माझ्या हातून जरा जोरात आपटायला लागली. अजून आपटते. लोक म्हणतात राग जुना झाला की विरघळतो. माझा नाही विरघळला. आणि विरघळावा असं मला वाटतही नाही.

मी खामगावच्या एका शाळेत गणित शिकवते. माहेर पिंपळगाव राजाचं, शेतकऱ्याचं घर. तिथे लहानपणी काचेच्या टाकीतला मासा कुणी पाहिला नव्हता. मला हा नाद लागला दाताच्या डॉक्टरमुळे. दाढेचं रूट कॅनल चालू होतं आणि बाहेरच्या खोलीत, बाकाच्या समोर, एक टाकी होती. आत हिरवीगार पाणवनस्पती आणि त्यातून बोटाच्या पेराएवढे मासे थव्याने ये-जा करायचे. दाढ बरी झाल्यावरही एका दुपारी मी तिथे जाऊन बसले. कंपाउंडरने विचारलं, "मॅडम, नंबर लावू?" मी म्हटलं, "नको, बसू द्या थोडं." त्याच आठवड्यात मी दोन फुटांची टाकी घरी आणली.

त्या टाकीत गप्पी होते, लालसर चेरी बार्ब होते आणि तळाशी मिशा हलवत रेती हुंगणारे कोरीडोरस होते. सासूबाईंना सुरुवातीला ते सगळं थेर वाटलं. मग हळूहळू त्यांची खुर्ची टीव्हीसमोरून सरकत टाकीसमोर आली. मी शाळेतून आले की त्या बातमी द्यायच्या. "आज त्या काळ्या शेपटीच्यानं लय मस्ती केली पाह्य."

पण टाकी लहान पडत होती. गप्पींची पिल्लावळ वाढली होती, आणि बार्ब एका टोकाकडून निघाले की शेपटी हलवायच्या आत दुसऱ्या काचेला भिडायचे. थव्याने राहणाऱ्या माशाला पळायला लांबी लागते. म्हणून मी चार फुटांच्या टाकीचं ठरवलं, आणि ठरवलं म्हणजे नुसतं मनात आणलं नाही. पुढचं जवळजवळ वर्षभर मी त्या टाकीचा विचार करत होते.

पहिला प्रश्न पाण्याचा. आमच्या बोअरचं पाणी खारं. साबणाला फेस येत नाही, तोटीवर पांढरे थर चढतात. नळ येतो तेव्हा येतो. मला निळ्या-लाल पट्ट्यांचे निऑन टेट्रा फार हवे होते, पण ते मऊ पाण्यातले, आमच्या पाण्यात कसेबसे जगले असते. मी त्यांचं नाव सोडून दिलं. आपल्या हौसेसाठी जीव आणायचा आणि तो रोज थोडा थोडा मरताना बघायचा, हे मला जमणारं नव्हतं. नळाचं पाणी ड्रममध्ये ठेवून, त्यात थोडं बोअरचं मिसळून जे पाणी होईल, त्यात आनंदाने राहतील तेच मासे आणायचे, असं ठरलं. दुसरा प्रश्न वजनाचा. पाणी, रेती, काच आणि लोखंडी स्टँड मिळून तीन क्विंटलच्या वर जात होतं. आमचं घर वरच्या मजल्यावर, म्हणून गवंड्याला बोलावून खाली बीम कुठून गेलाय ते विचारलं आणि हॉलमधली आतली भिंत निवडली. तिथे खिडकीचं ऊन येत नव्हतं, त्यामुळे शेवाळ कमी धरलं असतं. मे महिन्यात कूलरचा वारा पोचत होता. लाईट गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप लागणार होता. वनस्पतींमध्ये मागे उंच पात्यांची व्हॅलिसनेरिया, मध्ये लाकडाच्या मुळाला बांधलेलं मॉस, पुढे मोकळी रेती.

मग मी खडू घेतला आणि त्या भिंतीजवळ फरशीवर टाकीचा चौकोन आखला. ती जागा डोळ्यांना सवयीची व्हावी, कुणाच्या जाण्यायेण्याला आडवी येते का ते कळावं, म्हणून. पुसला गेला की पुन्हा आखायचे. नवरा हसायचा, पण वळसा घालून जायचा.

नवऱ्याचं शेतीच्या मोटारपंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्याचे मोठे भाऊ, माझे भासरे, नांदुऱ्याला धान्याचा व्यापार करतात. घरातल्या सगळ्या गोष्टींवर त्यांचा शब्द शेवटचा. माझ्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, पण ते माझ्याशी कधी थेट बोलले नव्हते. मी समोर उभी असले तरी "तिले सांग, चहात साखर कमी टाक," असं नवऱ्याला सांगायचे. नवरा मला सांगायचा. मी ते ऐकलेलं असायचं, तरी दुसऱ्यांदा ऐकून घ्यायचे. रीत आहे म्हणायचं आणि सोडून द्यायचं, असंच सगळ्यांनी चालवलं होतं, मीही.

एका रविवारी ते आले आणि नेमके खडूच्या चौकोनात जाऊन उभे राहिले.

"हे काय आखलं बे?"

नवरा म्हणाला, "ते मोठी टाकी ठेवून राह्यली इथं. माशांची."

"इथं? पाणी ईशान्येले पाह्यजे. त्या खिडकीखाली ठेव म्हना. आन् हे चिंगळ्या-मिंगळ्या नको. एक मोठा मासा ठेवा, कपाळ आलेला. माह्या घरी आनला तवापासून पाह्य, धंदा कसा हाय."

"हाव दादा," नवरा म्हणाला.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. खिडकीखाली बीम नाही, तिथे दुपारभर ऊन येतं, मोठा मासा झाडं उपटून टाकतो, हे सगळं माझ्या तोंडात आलं होतं. मी ते गिळलं. भासरे गेल्यावर नवऱ्याला म्हटलं, "हाव काऊन म्हणाले तुम्ही?" तो म्हणाला, "अवं, म्हणाले लागते. करनार तं तूच हायेस." मला ते त्यावेळी पटलं.

त्यानंतर काही दिवसांनी शाळेत परीक्षा चालू होती. पेपर संपवून घरी आले तर सासूबाई टाकीकडे पाठ करून बसल्या होत्या. मी चपला काढल्या आणि टाकीत पाहिलं. मधोमध एक तळहाताएवढा गुलाबी-लाल मासा उभा होता, कपाळावर फुगवटा आलेला. फ्लॉवरहॉर्न. झाडं उपटून वर तरंगत होती. बाकी काही हलत नव्हतं. मी गुडघ्यावर बसून पाहिलं. गप्पी नाहीत. बार्ब नाहीत. लाकडाच्या मुळाखाली एक कोरीडोरस अंग आकसून बसला होता, त्याचा वरचा पर फाटला होता.

"दादा आले होते," आतून नवरा म्हणाला. "भेट देल्ली त्याईनं. आपलं दुकान चालावं म्हणून."

"कोणी टाकला हा आत?"

तो बाहेर आला. "म्याच टाकला."

सासूबाई न वळता म्हणाल्या, "म्या म्हनलं होतं त्याइले, सून येऊ द्या, तिले इचारा. माहं कोन आयकते? माह्या डोयासमोर खाल्ले त्यानं. एकेक करून."

तेव्हा नवरा म्हणाला ते वाक्य. "अवं, मासेच तं हायेत. दुसरे आनू."

  मी बकेट आणली, जाळी आणली. तो मासा जाळीत धडपडला, माझा अख्खा पदर भिजला. त्याचा काही दोष नव्हता, तो त्याच्या जातीसारखा वागला होता. बकेटीत पाणी भरून त्याला त्यात सोडलं, वर भोकं पाडलेलं झाकण बांधलं. नवऱ्याने विचारलं, "कुठं ठेवतं त्याले?" मी बकेट उचलून मोरीत नेली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी बकेट घेऊन मी बस स्टँडवर गेले आणि नांदुऱ्याच्या एसटीत बसले. बकेट दोन्ही पायांत धरली होती. प्रत्येक खड्ड्याला पाणी झाकणातून उडत होतं. कंडक्टरने विचारलं, "काय हाय बाई बकेटीत?"

"मासा."

"खायचा?"

"नाही. खाणारा."

तो हसला. मी हसले नाही, तसा तो तिकीट देऊन पुढे गेला.

भासऱ्यांच्या घरी जाऊबाईंनी दार उघडलं. मला एकटीला आणि हातात बकेट बघून त्या बाजूला झाल्या. भासरे बंगईवर पेपर वाचत झोका घेत होते. त्यांनी मला पाहिलं आणि जाऊबाईंना म्हणाले, "काय झालं म्हना, इचार तिले."

मी बकेट फरशीवर ठेवली. "दादा, मले इचारा. मी इथंच उभी हाय."

बंगई थांबली.

"तुमचा मासा वापस आणला. यानं माह्ये सगळे मासे खाल्ले."

ते पुन्हा जाऊबाईंकडे बघत म्हणाले, "चांगल्यासाठी देल्ला होता म्हना. त्याचं दुकान चालावं म्हणून."

"दुकान त्याइचं हाय. टाकी माही हाय. द्यायचाच होता तं मले इचारायचं होतं. मी घरी नसताना माह्या टाकीत तुम्ही दोघायनं हात काऊन घातला?"

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेपरची घडी घातली. "आमच्या घरात बायका असं बोलत नाईत."

इतक्या वर्षांत ते माझ्याशी थेट बोललेलं पहिलं वाक्य हे.

"म्हणूनच मले बकेट घेऊन यावं लागलं," मी म्हटलं.

जाऊबाई झाकण किलकिलं करून आत पाहत होत्या. "ह्याले ठेवू कुठं आता? आपल्या टाकीत पयलेच एक हाय."

"एका ठिकाणी टाकू नका," मी त्यांना सांगितलं. "मारतीन एकमेकाले. अंगणातल्या हौदात ठेवा, वर जाळी टाका."

चहा न घेता मी निघाले.  परतीच्या एसटीत मनात मोकळं वगैरे काही वाटत नव्हतं. उलट वीस वर्षांत ज्या ज्या वेळी मी दाराच्या चौकटीत ट्रे घेऊन गप्प उभी राहिले, ते सगळं एकदम वर आलं आणि मला भासऱ्यांपेक्षा जास्त राग नवऱ्याचा यायला लागला.

घरी पोचायच्या आत त्याला फोन गेला होता. "दादाच्या घरी जाऊन तमाशा करून आली तू," तो म्हणाला.

"मले एक सांगा," मी म्हटलं. "टाकीत त्याले सोडताना एकदा तरी वाटलं का, की थांबावं?"

त्याने हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाला, "वाटलं."

"मंग?"

"दादा उभा होता."

तो खोटं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याला कळलं नव्हतं, असं समजून मी कधीतरी गप्प झाले असते. पण त्याला कळलं होतं. ते मासे मरणार, मला लागणार, आईसुद्धा नको म्हणते आहे, हे सगळं त्याला कळत होतं, आणि तरी त्याने माशाची पिशवी टाकीत उलटी केली, कारण भाऊ शेजारी उभा होता. पन्नाशीला आलेला माणूस.

आम्ही बरेच दिवस कामापुरतं बोललो. टाकीचं काम मात्र मी थांबवलं नाही. आता तर मुळीच थांबवणार नव्हते. वेल्डरकडून स्टँड करून घेतला. टाकी अकोल्याहून आली, चार माणसांनी उचलून आतल्या भिंतीशी ठेवली. खिडकीखाली नाही. रेती धुताना माझी कंबर मोडली. झाडं लावली, पाणी भरलं आणि मग त्यात घाण पचवणारे जंतू वाढून पाणी तयार व्हायला कितीतरी आठवडे एकही मासा सोडला नाही. फक्त तो फाटक्या पराचा कोरीडोरस लहान टाकीत एकटा वाट बघत होता. शेजारपाजारचे येऊन विचारायचे, "नुसतं पाणी कायले पाहून राह्यल्या बापा?" सासूबाई त्यांना सुनवायच्या, "पयले घर बांधू द्या, मंग मानसं येतीन."

दरम्यान एका संध्याकाळी नवरा दुकानातून बॅटरी घेऊन आला. लाईट गेली की आपोआप चालू होईल असा पंप त्याने स्टँडखाली बसवला, वायरी नीट बांधल्या. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आभार मानले नाहीत. एका बॅटरीने ते भरून निघण्यातलं नव्हतं आणि ते त्यालाही कळत असावं, कारण त्याने काही मागितलं नाही.

मग मासे आले. आधी कोरीडोरसला नवे सोबती आणले, मग बार्बचा मोठा थवा, शेवटी थोडे गप्पी. बार्ब पहिल्यांदा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पळत गेले तेव्हा सासूबाईंनी टाळी वाजवली.

दिवाळीत भासरे आले. यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं म्हणे, आईसाठी आले. टाकीसमोर उभे राहिले, हात मागे बांधून. नवरा शेजारी होता. ते त्याच्याकडे वळले, मग थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हे इतलेच राह्यतेत का? का वाढतेत?"

"इतलेच राह्यतेत," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. त्या मोठ्या माशाबद्दल ते बोलले नाहीत. तो हौदात अजून आहे, चांगला वाढलाय, असं जाऊबाईंनी सांगितलं. माफी कुणीच मागितली नाही. मीही गेलेल्या माशांचा विषय काढला नाही, कारण तो काढला असता तर सणाच्या दिवशी मला आवरता आलं नसतं.

परवा काचेवर बारीक गोगलगाई दिसायला लागल्या. झाडांबरोबर आल्या असाव्यात. मी वह्या तपासत होते. नवरा टाकीसमोर बसला होता, एक बाही कोपरापर्यंत वर केलेली. हात पाण्यात घालायच्या आधी त्याने विचारलं, "ह्या गोगलगाई काढू का?"

"राहू द्या," मी म्हटलं.

त्याने बाही खाली केली.