दाव्याची गाठ

माझी आत्या गिटार वाईट वाजवायची.

आज तिच्या घरी तिचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं उरकली, पाहुणे पांगले. मला सकाळपासून एका जागी बसता आलेलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आत्या कागलजवळच्या गावात राहायची. घरी आठ म्हशी. गिटार माझी, कॉलेजातली. नोकरी लागल्यावर मी ती तिच्या माळ्यावर ठेवली आणि विसरले.

ती विसरली नाही. छप्पन्नाव्या वर्षी मोबाईलवर बघून शिकायला लागली.

नवशिक्यांची बोटं सोलतात, म्हणून मी बारीक तारांचा सेट घेऊन गेले.

"बारीक कशाला? माझ्या बोटांस्नी काय धाड भरलीया?"

"दुखतील, आत्या."

"चाळीस वर्सं म्हशी पिळल्यात ह्या बोटांनी. जाड आण."

जाड आणल्या. बोटं खरंच दुखली नाहीत.

तारा मात्र पंधरा दिवसांत काळ्या पडल्या.

मी फाउंड्रीच्या लॅबमध्ये काम करते. धातू का खराब होतो हे शोधणं माझं रोजचं काम आहे. इथं शोधायचं काही नव्हतं. ती धार काढून तशीच, ओल्या हातानं वाजवायला बसायची.

मी नियम सांगितले. आधी हात धुवून कोरडे करायचे. वाजवून झालं की प्रत्येक तार सुती फडक्यानं पुसायची, वरून आणि खालूनही.

तिनं खोबरेल तेल लावलं. शिलाई मशीनला घालतात तसं.

जाड तारांच्या वेढ्यांत तेल आणि धूळ जाऊन बसली. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज यायला लागला.

"सांगितलेलं एक तरी ऐकतेस का गं?"

"ऐकून घेतलं की. करीन असं कुठं म्हटलं?"

तारा बदलायला दर वेळी मीच जायचे. आमचं सगळ्यात मोठं भांडण गिटारच्या खुंटीवरून झालं. मी तार खुंटीच्या भोकातून ओवायचे, तीन वेढे द्यायचे, उरलेलं टोक कापायचे. ती कमरेवर हात ठेवून बघत होती.

"नुसतं येढं? म्हस असं बांधलंस तर दावं सोडून कागलला जाईल की."

"ही म्हैस नाही, आत्या."

"वढ बसती का न्हाय हिला? मग गाठ मार."

"गाठ मारली की तिथं तार मोडते. सगळा ताण एका वळणावर येतो."

"तुझ्या पुस्तकात येत आसंल. माझ्या खुंट्याला येत न्हाय."

मी उरलेलं टोक कापलं. इंजिनिअरिंगची चार वर्षं एका बाजूला आणि आठ म्हशी दुसऱ्या बाजूला. कुणाशी काय बोलायचं?

गेल्या वर्षी एका रविवारी तिचा फोन आला. तारा पार गेल्यात, नवा सेट घरात आहे, लावायला ये.

सोमवारी माझं ऑडिट होतं. मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "आत्या, आता नाही जमणार. आणि तू एकटी हात लावू नकोस, मोडून ठेवशील."



"राहू दे गं. माझं मी करीन."

तिनं फोन ठेवला.

गुरुवारी ती गेली. पहाटेची धार काढून आली, पायरीवर बसली, आणि उठलीच नाही.

वर्षभर मी ते वाक्य सगळ्या प्रकारे म्हणून बघितलंय. गाडी चालवताना, भट्टीसमोर, आंघोळ करताना. माझं मी करीन. ती चिडली होती? दुखावली होती? की नुसतंच बोलली? आवाज रेकॉर्ड नव्हता. तपासायला नमुनाच नव्हता.

गिटारची पिशवी मी उघडली नव्हती. आत त्याच काळ्या तारा असणार, हे मी धरून चालले होते.

आज दुपारी उघडली.

पाच तारा नव्या होत्या.

पाचही खुंट्यांवर गाठ. वेढे नाहीत, टोकं वेडीवाकडी कापलेली, बहुतेक विळ्यानं. पण गाठ पाची ठिकाणी एकसारखी. तार स्वतःच्याच खाली दाबून धरलेली. जितकी ओढ बसेल तितकी घट्ट होणारी.

स्वर तपासायचा ट्यूनर लावला. वर्षभरानंतर पाचही तारा थोड्याशाच उतरल्या होत्या. एकही सुटली नव्हती. एकही मोडली नव्हती.

तारांच्या खालच्या बाजूला गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या बारीक खुणा होत्या. दोन-तीन दिवस वाजवल्याच्या. आणि तारा स्वच्छ. पिशवीत धुतलेल्या सुती लुगड्याचा एक तुकडा, घडी घालून.

फक्त पहिली, सगळ्यात बारीक तार जुनीच. गंजलेली. तिची नवी तार पाकिटात तशीच होती.

पाकीट घेऊन गोठ्यात गेले. मामा, म्हणजे आत्याचे मिस्टर, वैरण टाकत होते.

"मामा, ही एकच का राहिली?"

"ती व्हय? लई बारीक, भोकात घालायला दिसंना तिला. सुईत दोरा घालायला बी मलाच हाका मारायची. मी म्हटलं, दे हिकडं. तर म्हणली, तुमी शेणाचा हात लावू नगासा. पोरगी आली की लावंल."

"चिडली होती का माझ्यावर?"

मामांनी पेंढी खाली ठेवली.

"कशापायी? पाच लावल्या म्हणून गावभर सांगत हुती की. तुला दाखवायचं म्हणून फोटू काढायला लावला मला. माझं बोट आलं मधी."

मी पाकीट बाजूला ठेवलं.

मग म्हणाले, "मामा, दाव्याची गाठ शिकवा."

"आधी हात पूस," मामा म्हणाले.

तीनदा चुकले. चौथ्यांदा जमली. घरात येऊन तीच गाठ तारेला मारली. माझ्या हिशोबानं इतकी बारीक तार गाठीत मोडायला हवी होती. हळूहळू ताणत स्वरापर्यंत आणली. दहा मिनिटं ट्यूनरकडे बघत बसले.

मोडली नाही.

आत्या, ऑडिट संपलं. यायला एक वर्ष उशीर झाला. राहिलेली तार लावली आहे, तुझ्याच गाठीनं. वाजवून पुसून ठेवली, खालूनही.

नमस्कार.