अकरा, एकवीस, एक्कावन्न

दिवाळीच्या कार्यक्रमात या वर्षी हाऊजी नको, केनो खेळूया, ही टूम माझ्या नवऱ्याची. तो विमा कंपनीत होता. शक्यता काढणं हे त्याचं पोटापाण्याचं काम, आणि हाऊजीचा त्याला मनापासून राग. हाऊजी संपता संपत नाही, मुलं कंटाळून हॉलचे पडदे ओढायला लागतात आणि जेवण गार होतं, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यामानाने केनो सुटसुटीत. ऐंशी आकड्यांचे ऐंशी चेंडू, त्यातले वीस काढायचे. आपण आपले आकडे आधीच कागदावर लिहून द्यायचे आणि लागतील तसं बक्षीस घ्यायचं.

लीड्समधलं आमचं मंडळ तेव्हा चाळीसेक घरांचं होतं. निम्मे हॉस्पिटलमधले डॉक्टर, निम्मे आमच्यासारखे व्हिसावर आलेले पुण्या-मुंबईचे. एवढी शिकलेली माणसं जमली की साध्या खेळाचीसुद्धा मीटिंग होते. एक डॉक्टर म्हणाले, लागोपाठचे आकडे घेऊ नयेत, ते कधी येत नाहीत. एकीचा भरवसा मुलांच्या वाढदिवसांवर. नवरा सगळ्यांना एकच सांगत होता, "कुठलेही घ्या हो, चान्स सेमच आहे. चेंडूला तुमचा वाढदिवस माहीत नसतो." ठरवायचं ते फक्त किती आकडे घ्यायचे. एकच घेतला तर चारात एकदा लागणार. तीन घेतले तर तिन्ही लागण्याची शक्यता बहात्तरात एक. दहा घेऊन दहाही लागतील अशी आशा धरणाऱ्याने, त्याच्या मते, खेळण्याऐवजी नवस बोलावा. शेवटी घरटी एक कागद, तीन आकडे आणि एकच डाव, असं ठरलं.

एक लागला तर लाडू. दोन लागले तर शंकरपाळ्यांची पुडी. तिन्ही लागले तर काय, हे ठरेना तेव्हा काकू म्हणाल्या, "माझ्याकडून डझनभर पुरणपोळ्या."

काकू म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतल्या. यजमान तिथल्याच हॉस्पिटलात डॉक्टर, त्यांच्याबरोबर त्या तरुणपणी आल्या आणि संसार तिथेच केला. डॉक्टर आदल्या वर्षी गेले. मुलगा लंडनला, स्टॅनमोर भागात राहायचा आणि आईनं आता आपल्याकडे यावं म्हणून मागे लागला होता. दिवाळी झाली की घर विकायला काढायचं ठरलं होतं. काकूंना जायचं नव्हतं. मला त्यांनी एकदा स्पष्टच सांगितलं होतं, "इथे दार उघडलं की कोणीतरी हाक मारतं गं. तिथे मी फक्त आजी होणार. पण चांगलं वागणाऱ्या मुलाला नाही कसं म्हणू?" मलाही त्या जायला नको होत्या. लग्न होऊन मी त्या थंड गावात आले तेव्हा पहिल्या दिवशी डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या होत्या त्या काकूच.

दिवाळीच्या शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये काकूंच्याच मोठ्या पातेल्यात टेबल टेनिसचे ऐंशी चेंडू टाकले. खजिनदारांच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. सुरुवातीलाच अकरा आला. थोड्या वेळाने एकवीस आला तेव्हा हॉलमध्ये जरा जास्तच कुजबुज झाली. आणि अगदी शेवटी, विसावा चेंडू वर आला तो एक्कावन्न.

असा कल्ला झाला की बाहेरून जाणारे लोक आत डोकावले. एक नाही, दोन नाही, सतरा घरं उभी राहिली. नवरा पांढराफटक. एकेका कागदाचं गणित त्याचं चोख होतं, पण चाळीस कागद म्हणजे चाळीस वेगवेगळी नशिबं, असं त्यानं धरलं होतं. दिवाळीचा दिवस, हातात कोरा कागद, आणि आकडे लिहा म्हटल्यावर मराठी माणूस आहेराच्या पाकिटाबाहेर जातो थोडाच! त्या सतरा जणांत मीही होते. नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू घरच्याच माणसानं दगा दिला.

"ॲव्हरेज बरोबर होतं," तो म्हणाला.

"ॲव्हरेजवर पुरण शिजत नाही," मी म्हटलं.

खजिनदारांनी तोड काढली, एकच डझन सगळ्यांनी वाटून घ्यायचं. काकू भडकल्या. "शब्द दिलाय मी. आणि पोळी म्हणजे काय पेढा आहे, चिमूट चिमूट वाटायला? प्रत्येकाच्या घरी येईन, त्यांच्या ओट्यावर करीन, गरम गरम वाढीन. दर शनिवारी एक घर."

रात्री त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी काकूंकडेच होते. त्यानं वैतागून, त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत विचारलेलं मला स्पीकरवर ऐकू आलं. "आई, इथे ईलिंग रोडच्या दुकानात पुरणपोळी मिळतो ना. मी सगळ्यांना पाठवतो. यू डोन्ट हॅव टू डू धिस."

"जिंकल्यात त्या माझ्या हातच्या," काकू म्हणाल्या. "दुकानातल्या नाहीत. होळीपर्यंत होईल सगळं. मग येते."

फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावून हसल्या. डॉक्टर गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

काकूंना गाडी येत नव्हती, म्हणून तो सगळा हिवाळा मी त्यांची ड्रायव्हर. दुपारी चारलाच अंधार पडायचा. शेजारच्या सीटवर काकू, मांडीवर पिशवी, पिशवीत पुरणयंत्र आणि लोखंडी तवा. प्रत्येक घरी तोच सोहळा. डाळ शिजली की गूळ, मग जायफळ, मग पहिली पोळी तव्यावर पडायची आणि तूप जळलं की छतावरचा स्मोक अलार्म कोकलायला लागायचा. घरातल्या कर्त्या पुरुषाला काकू अलार्मखाली भांडी पुसायचा टॉवेल घेऊन उभं करायच्या. एक मोठे सर्जन संध्याकाळभर टॉवेल हलवत होते आणि मधून मधून विचारत होते, "काकू, झालं का?" इतकी वर्षं एका मंडळात असून ज्यांच्या घरी आम्ही कधी गेलो नव्हतो, त्यांच्या स्वयंपाकघरात त्या हिवाळ्यात आम्ही कटाची आमटी भुरकत बसलो. लीड्समधले माझे सगळ्यात सुखाचे दिवस ते.

आमचा नंबर मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. होळीच्या आदल्या शनिवारी काकू आल्या. घर विकलं गेलं होतं, सामान बांधून झालं होतं. त्यांनी ओट्यावर तवा ठेवला आणि माझा धीर सुटला.

"काकू, आमच्या राहू द्या ना. बाकी असल्या तर तुम्हाला जाता यायचं नाही."

"वेडी आहेस," त्या म्हणाल्या आणि डाळ धुवायला घेतली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात थांबले नाहीत. नवरा कोणी न सांगता टॉवेल घेऊन अलार्मखाली उभा राहिला.

पोळ्या झाल्या. डब्यात भरताना माझ्या लक्षात आलं, पुरणाचा एक गोळा तसाच उरलाय.

"काकू, या अकराच झाल्या."

"अकराच बऱ्या." त्यांनी तो गोळा माझ्या हातावर ठेवला. "हा असाच खा. बारावीसाठी स्टॅनमोरला ये, तिथे करीन."

पुढे कामानिमित्त लंडनला जाणं व्हायचं, तेव्हा मी भुयारी रेल्वेची ज्युबिली लाइन धरून शेवटच्या स्टेशनपर्यंत, स्टॅनमोरला जायची. काकू थालीपीठ करायच्या, साबुदाण्याची खिचडी करायच्या, एकदा उकडीचे मोदकही केले. पुरण मात्र कधी घातलं नाही. एकदा मी हसत आठवण करून दिली. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तुझी बारावी करून टाकली, तर मग तू कशाला येशील?"

काकू होत्या तोवर मी जात राहिले. पोळी पुन्हा मागितली नाही.