सावली नसलेली दुपार

काल शेजारच्या गच्चीवर डांबर ओतत होते. त्या वासासरशी मी पोचले इंदूरच्या भंवरकुआं चौकाजवळच्या आमच्या कॉलेजच्या गच्चीवर, तीस वर्षांपूर्वीच्या जूनमधल्या एका दुपारी.

मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. सूर्य रोज दुपारी बाराला डोक्यावर येतो, असं भौतिकशास्त्राचे सर वर्गात सहज बोलून गेले. मी उठून म्हटलं, "सर, पृथ्वीचा अक्ष कललेला आहे. इंदूरात तो वर्षातून दोनच दिवस बरोब्बर डोक्यावर येतो." वर्ग हसला. सर म्हणाले, "दाखवून दे."

त्यातल्या एका दिवशी मी तापलेल्या डांबरी गच्चीवर लोखंडी पाइप ओळंब्याने सरळ उभा केला. सगळा वर्ग जमला. बारा वाजले, तरी चार बोटं सावली होतीच. "चलो भिया, पोहे खाते हैं," कुणीतरी म्हणालं. मुलं जिन्याकडे वळली.

"घड्याळ सगळ्या देशाचं एकच आहे," मी म्हटलं. "ते पूर्वेकडच्या वेळेवर लावलेलं असतं. सूर्य इंदूरवर उशिरा येतो. पंचवीस मिनिटं थांबा."

सर थांबले, म्हणून मुलंही थांबली. सावली आखडत दोन बोटं झाली, मग एक, आणि शेवटी पाइपाच्या बुडाशी काहीच उरलं नाही. सर गुडघ्यांवर बसून तिथे हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बेटा, उद्याचा तास तू घे."

तेव्हा वाटलं, मी जिंकले. आता मी स्वतः शिकवते, म्हणून कळतं की वर्गासमोर असं म्हणायला किती मोठं मन लागतं.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर कललेली पृथ्वी काढली. वळून पाहिलं, तर पहिल्या बाकावर सर वही उघडून बसले होते.