गोठ्याच्या कोनाड्यातला कप

तार इंग्रजीत होती, म्हणून वडिलांनी ती माझ्या हातात दिली. आमच्या नगरच्या घरात इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच. दोन ओळींची तार, पण ती मराठीत सांगायला मला फार वेळ लागला. माझा चुलतभाऊ भास्करदादा जामखेडकडच्या दुष्काळी कामावर गॅस्ट्रोनं गेला होता. वडील स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आबांना कोण सांगणार?" आबा म्हणजे माझे थोरले काका, दादाचे वडील… दोन वर्षं दादानं त्यांच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

दादा कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला होता. तो बोलायचा, मी ऐकायचे. "हिला फी भरून गप्प बसायला शिकवलंय," असं आईला सांगायचा. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला तो बसलाच नाही. पुणतांब्याला आबांच्या उसाच्या तोडणीला जामखेडची टोळी यायची, तिच्याबरोबर बैलगाडीत बसून निघून गेला. कधी राहुरी, कधी कोपरगाव. पत्र नाही. मधेच एखाद्या दुपारी आमच्या दारात उभा राहायचा, उसाच्या पाचटानं हात चिरलेले, आणि सगळ्यात आधी माझी पुस्तकं चाळायचा.

टोळीतले किसनभाऊ त्याला फार जवळचे. ते महारवाड्यातले. दादा त्यांच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, जेवायचा आणि घरी येऊन ते उघड सांगायचा. आबांच्या गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात कान तुटलेला एक कप असायचा, ज्यांना शिवायचं नाही अशा माणसांसाठी. घरातल्यांनी वरून चहा ओतायचा, पिणाऱ्यानं कप विसळून परत उपडा ठेवायचा. सुट्टीत मी तो लहानपणापासून बघत आले. कशासाठी, असं कधी विचारलं नाही.

एकदा आबा जेवता जेवता दादाला शांतपणे म्हणाले, "त्यांच्या ताटात जेवतोस न्हवं? मग आता तुजा च्या बी त्यांच्याच कपात." त्यांना वाटलं, पोरगं शरमेल, दोन दिवसांत सरळ होईल. इथंच ते चुकले. दादा ताटावरून उठला, गोठ्यात गेला, कप विसळून ओट्यावर येऊन बसला आणि त्याच्या आईला म्हणाला, "वत. कप कुटं हाय ते ठावं हुतंच मला."

तेव्हापासून गावी आला की तो ओट्यावरच बसायचा. मोठी आई, म्हणजे माझी काकू, पदर डोळ्यांना लावत चहा ओतायची. आत ये म्हणाली की त्याचं एकच उत्तर, "हा कप ज्या दिवशी आतल्या कपांत जाईल, त्या दिवशी मी आत येईन." गावातले लोक येता-जाता बघायचे. आबांनी पारावर जायचं सोडलं, पण कप हलला नाही.

गेल्या दिवाळीत मोठ्या आईनं केटली माझ्याकडे दिली. आबा दारातच बसले होते. मी वरून चहा ओतला. दादानं तो पिऊन कप विसळला आणि माझ्यापुढे धरला.

"घे. आत नेऊन ठेव."

मी आबांकडे पाहिलं. ते अंगणाकडे बघत होते. शाळेत समतेवरच्या निबंधाला मला बक्षीस मिळालं होतं, दादानंच तो मोठ्यानं वाचून दाखवला होता… मी केटली दोन्ही हातांत धरून उभी राहिले. तो थोडा वेळ थांबला, हसला, आणि कप कोनाड्यात उपडा ठेवून निघून गेला. नंतर तो मला दिसला नाही.

तेराव्याला किसनभाऊ त्याची पिशवी घेऊन आले. दोन सदरे, एक टॉवेल. आबांनी पिशवी उघडून पाहिली, मग उठून गोठ्यात गेले. तो कप घेऊन आले आणि माजघरात दादाच्या फोटोपुढे ठेवला. क्षणभर मला वाटलं, उशिरा का होईना, झालं.

तेवढ्यात मोठ्या आईनं मला हाक मारली. किसनभाऊंना चहा द्यायचा होता. मी आतल्या कपांकडे हात नेला, तशी ती हळूच म्हणाली, "कोनाड्यात बघ. नवा आणलाय."

नवा कप होता. कान धड असलेला. मी तो घेतला, चहा भरला आणि किसनभाऊंच्या हातात द्यायला वाकले. त्यांनी हात मागं घेतला.

"खाली ठेवा, ताई. आबा बघत्यात."

मी खाली ठेवला. त्यांनी चहा प्यायला, कप विसळला, पाणी झटकलं आणि गोठ्यात जाऊन कोनाड्यात उपडा ठेवला… अगदी दादा ठेवायचा तसा. तो ते त्यांच्याकडूनच शिकला असणार.